मिलेनियल पिढीचा प्रभाव आणि यश : मागच्या-पुढच्या पिढ्यांशी तुलना कोणत्या मापाने करावी?

धागाकर्ता : गोदाकाठचा वाचक

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या आमच्या वाचनकट्ट्याने पुढच्या महिन्यात 'मिलेनियल पिढीने काय कमावले, काय दिले' या विषयावर परिसंवाद ठेवला असून त्याचे प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडले आहे. मी स्वतः १९८४ चा असल्यामुळे 'तुझ्या पिढीची बाजू तूच मांड' असा सर्वांचा आग्रह आहे. बाजू मांडायला हरकत नाही, परंतु ती कोणत्या मापाने मांडावी हेच अद्याप ठरत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

प्रथम व्याख्या. १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेले ते मिलेनियल, ही अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राची विभागणी आता जवळपास सर्वत्र वापरली जाते. त्यानुसार १९४६ ते १९६४ मधले बूमर, १९६५ ते १९८० मधले जेन एक्स आणि १९९७ पासूनचे जेन झी. ही चौकट तिकडच्या समाजासाठी आखलेली आहे याची मला जाणीव आहे, पण चर्चेला कुठून तरी सुरुवात करावी लागते.

कौतुकाची बाजू शोधायला फार लांब जावे लागत नाही. २००४ साली फेसबुक सुरू करणारा मार्क झुकरबर्ग १९८४ चा आहे. २००७ साली फ्लिपकार्ट उभी करणारे सचिन आणि बिन्नी हे दोन्ही बन्सल १९८० नंतर जन्मलेले आहेत. २००८ साली बीजिंगमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारा अभिनव बिंद्रा १९८२ चा. मराठीपुरते बोलायचे तर १९८७ साली जन्मलेल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या पहिल्याच चित्रपटाने २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळवले आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही आणला.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील उत्पन्नाचा जो अभ्यास केला, त्यात १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पुढे आपल्या आईवडिलांपेक्षा अधिक कमावते झाले असे दिसले, तर १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आले. हे आकडे जसेच्या तसे नाशिकला लावता येणार नाहीत, कारण १९९१ नंतर आपली अर्थव्यवस्था वाढत गेली आणि माझ्या वर्गातील कित्येकांचा पहिला पगारच वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या आसपास होता. तरीही माझ्या वडिलांनी एका पगारात सिडकोचे घर घेतले, पुढे त्यावर मजला चढवला आणि दोन्ही मुलांची शिक्षणे केली, आणि आम्ही नवराबायको दोघेही मिळवते असून पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचे हप्ते निवृत्तीपर्यंत पुरतील अशी चिन्हे आहेत.

कट्ट्यावरील एका ज्येष्ठ सदस्यांनी तर थेटच विचारले, "तुमच्या पिढीचे कुसुमाग्रज कोण, ते सांगा." मला उत्तर सुचले नाही. हा प्रश्न न्याय्य आहे का, आणि नसेल तर त्याच्या जागी कोणता प्रश्न विचारावा, यावर जाणकारांनी लिहावे.

———

प्रतिसाद : सातपूरकर

धागाकर्त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या आहेत, तरी नावांची यादी वाचताना मला एक गोष्ट खटकली. फेसबुक १९८४ च्या मुलाने काढले हे खरे, पण ते ज्या वर्ल्ड वाइड वेबवर चालते ते उभारणारे टिम बर्नर्स-ली १९५५ चे. ज्या स्मार्टफोनवर तुमच्या पिढीचे सगळे चालते तो आयफोनच्या रूपाने २००७ साली बाजारात आणणारे स्टीव्ह जॉब्स १९५५ चे. बिल गेट्स १९५५ चे, आणि आपल्याकडे आधारची उभारणी करणारे नंदन नीलेकणीही १९५५ चेच. आम्ही बूमर लोकांनी तुम्हाला फक्त सिडकोची घरे दाखवून हिणवावे असे नाही, हे सांगण्यासाठी एवढे लिहिले.

मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो आहे. १९६४ साली मिग विमानांसाठी तो कारखाना नाशिकला आला, त्यानंतर सातपूर आणि अंबडची औद्योगिक वसाहत भरत गेली, आणि नाशिक रोडला प्रेस तर इंग्रजांच्या काळापासून होतीच. आयटीआय करायचे, अप्रेंटिस म्हणून लागायचे आणि दोन-चार वर्षांत कायम व्हायचे, हा आमचा सरळ रस्ता होता. त्यात आमच्या कर्तृत्वाचा वाटा किती आणि भरतीचा किती, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर भरतीचाच मोठा होता. आज अंबडमध्ये तेच काम त्याच यंत्रावर ठेकेदाराकडून आलेला मुलगा करतो आणि दर काही महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो, म्हणजे कायम करावे लागू नये म्हणून नोकरी मध्येच तोडली जाते. तो माझ्यापेक्षा कमी हुशार आहे असे मला कधीच वाटले नाही.

पेन्शनचेही तसेच आहे. राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली, तर केंद्रात ही तारीख १ जानेवारी २००४ होती. १९८१ साली जन्मलेला मुलगा पदवी घेऊन, स्पर्धा परीक्षा देऊन नोकरीला लागेपर्यंत नेमकी हीच तारीख उलटून गेलेली असते. मार्च २०२३ च्या संपात जे कर्मचारी रस्त्यावर उतरले, त्यांत याच वयाचे लोक मोठ्या संख्येने होते. यश-अपयशाच्या हिशोबात ही तारीख धरली नाही तर हिशोबच चुकेल.

आता संस्कृतीविषयी. आमच्या काळात नाशिकमध्ये हौशी रंगभूमी जोरात होती, त्यामागे एक साधे कारण होते, ते म्हणजे पाळी. पहिली पाळी दुपारी सुटायची, घरी जाऊन जेवायचे, डुलकी काढायची आणि संध्याकाळी तालमीला जायचे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत कारखान्यांचे संघ उतरायचे, राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर आमच्याच ओळखीची मंडळी असायची, आणि टर्नर-फिटर मंडळी कानेटकरांच्या नाटकातली लांबलचक वाक्ये न अडखळता म्हणायची. वसंत कानेटकर स्वतः इथेच प्राध्यापक होते, त्यामुळे त्यांच्यासमोर चूक होण्याची धास्तीही असे. माझा मुलगा १९८५ चा, हिंजवडीच्या कंपनीत आहे. त्याच्या कामाला सुटण्याची वेळच नाही, रात्री साडेनऊलाही अमेरिकेचा कॉल चालू असतो. ज्या पिढीची संध्याकाळ विकली गेली आहे, तिने नाटक कधी बसवावे? कुसुमाग्रज कोण हे विचारण्याआधी हे विचारा.

———

प्रतिसाद : कॉलेज रोडची मास्तरीण

सातपूरकर काका, तुमच्या पाळीच्या मुद्द्यावर एखादा विद्यार्थी प्रबंध लिहू शकेल. मी मराठी शिकवते, आणि माझा जन्म १९७६ चा असल्यामुळे या भांडणात तटस्थ राहण्याची मला मुभा आहे.

पिढ्यांची तुलना करताना सर्वांत मोठी गफलत वयाची होते. आपण ज्या मागच्या पिढ्यांशी मिलेनियलांची तुलना करतो, त्यांचे आयुष्य आपल्यासमोर पूर्ण झालेले असते, त्यांतील किरकोळ लोक विस्मरणात गेलेले असतात आणि मोठे तेवढे उरलेले असतात. मिलेनियल मात्र आज साधारण तिशी ते पंचेचाळिशीत आहेत आणि त्यांतले सगळेच, बरेवाईट, डोळ्यांसमोर आहेत. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा पहिला मूकपट १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा त्यांनी त्रेचाळिशी गाठली होती. त्यांच्या चाळिशीत कोणी असा परिसंवाद घेतला असता तर छापखान्याचा चालता धंदा सोडलेला, कशातच स्थिर नसलेला गृहस्थ, एवढीच त्यांची नोंद झाली असती. उलट तात्यासाहेब शिरवाडकरांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, जन्म १९१२ चा आणि त्यांना कवी म्हणून महाराष्ट्रभर नेणारा संग्रह १९४२ चा, म्हणजे ते अवघे तिशीचे होते. नाशिकच्या मातीतलीच ही दोन उदाहरणे परस्परविरुद्ध दिशेने जातात, त्यामुळे 'आतापर्यंत व्हायला हवे होते' हे वाक्य जपून वापरावे.

दुसरी गोष्ट चौकटीची. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली पिढ्यांवर जो निबंध लिहिला, त्याचा गाभा असा की नुसते एका काळात जन्मल्याने पिढी होत नाही, तरुणपणी एकाच मोठ्या घडामोडीला सामोरे गेल्याने ती घडते. मराठी समीक्षेने हे आपल्या पद्धतीने केव्हाच ओळखले होते. आपण साठोत्तरी म्हणतो, नव्वदोत्तरी म्हणतो, आणि त्यात जन्मसाल विचारत नाही. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल १९३० चे आणि नामदेव ढसाळ १९४९ चे, दोघांत जवळपास वीस वर्षांचे अंतर. पण बागुलांचा पहिला कथासंग्रह १९६३ साली आला आणि १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हा ही माणसे एकाच लाटेवर होती. प्यूच्या पट्टीने मोजले तर ती वेगवेगळ्या पिढ्यांत पडतात. नागराज मंजुळे १९७७ चे, म्हणजे व्याख्येने मिलेनियल नव्हेत, परंतु २०१६ साली त्यांचा चित्रपट ज्यांनी पुन्हापुन्हा पाहिला त्यांत मिलेनियलांचा भरणा मोठा होता. प्रेक्षकांनी घडवलेले यश कोणत्या पिढीच्या खात्यावर मांडायचे?

आता मूळ प्रश्न. कुसुमाग्रजांसारखा एकच कवी घराघरांत पोहोचण्यासाठी केवळ प्रतिभा पुरेशी नव्हती. क्रमिक पुस्तक सर्वांचे एक होते, आकाशवाणी एक होती, मोजकी मासिके आणि दिवाळी अंक होते, आणि त्यांचे संपादक जे निवडत तेच महाराष्ट्र वाचत असे. या चाळणीतून जे वर आले ते निःसंशय मोठे होते, पण चाळणीखाली काय राहिले याची मोजदाद कोणी केली नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांची गाणी लोकांच्या तोंडी होती, पण त्या काळच्या प्रतिष्ठित मासिकांना त्यांची दखल घ्यावीशी वाटली नाही. मिलेनियलांनी ही चाळणी मोडली. ब्लॉग आले, मराठी संकेतस्थळे बहरली, आणि २०१६ साली सुरू झालेल्या भाडिपासारख्या यूट्यूब वाहिनीने शहरी मराठी घरातले बोलणे जसेच्या तसे विनोदात आणले. संपादकाच्या होकाराची वाट न पाहता लिहिणाऱ्या स्त्रियांची संख्या माझ्या विद्यार्थिदशेत कल्पनाही करता येणार नाही एवढी वाढली.

तरी माझी एक गंभीर तक्रार आहे. या पिढीने जे निर्माण केले ते जपायची व्यवस्था निर्माण केली नाही. ऑर्कुट या समाजमाध्यमावर मराठी कवितांचे समुदाय होते, तिथे कवितेवर रात्ररात्र वाद चालत. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले आणि ते लेखन गेले. आपल्या सार्वजनिक वाचनालयात, १८४० पासूनच्या सावानात, जाऊन जुने मासिक मागितले तर पिवळे पडलेले का होईना, हातात मिळते. २००८ सालच्या एखाद्या चांगल्या ब्लॉगचा पत्ता मी विद्यार्थ्यांना देते तेव्हा बहुधा पान उघडत नाही. ज्याचा प्रभाव पडला ते वाचायलाच मिळत नसेल, तर पुढचा समीक्षक या पिढीविषयी काय लिहिणार?

———

प्रतिसाद : निफाडचा बागायतदार

मी १९८७ चा, कृषी पदवीधर, निफाड तालुक्यात द्राक्षे करतो. वरच्या तिन्ही लेखनांत मिलेनियल म्हणजे शिकून कंपनीत लागलेला माणूस असे गृहीत धरले आहे, म्हणून थोडे लिहितो.

माझ्या वडिलांच्या पिढीने थॉमसन सीडलेस उभी केली, मांडवाचा खर्च पेलला आणि पाण्यासाठी रात्री जागल्या. त्यांच्या ज्ञानाला तोड नाही. वेलीच्या काडीकडे पाहून फळछाटणी कधी घ्यायची हे ते सांगत आणि ते चुकत नसे. परंतु २०१० साली क्लोरमेक्वाट, म्हणजे ज्याला आम्ही सीसीसी म्हणतो, त्या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा त्या ज्ञानाला एक जोड लागणार हे स्पष्ट झाले. फवारणी कोणत्या तारखेला, कोणत्या औषधाची, किती प्रमाणात, काढणीआधी किती दिवस, हे सर्व लिहून ठेवणे, माल काढण्यापूर्वी प्रयोगशाळेचा अहवाल घेणे आणि त्यात एखादा अंश मर्यादेबाहेर दिसला तर तो प्लॉट निर्यातीतून वगळणे, ही शिस्त आमच्या वयाच्या मुलांनी बसवली. वडिलांची फवारणीची वही होती, पण तिच्यात उधारीचा हिशोबही असे आणि पावसाच्या नोंदीही. आता आमच्या गटात विरळणीनंतर घडाचा फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत मण्यांची संख्या जास्त आहे की कमी, यावर वीस मते येतात. त्यांतली निम्मी निरुपयोगी असतात, पण उरलेली कामाची असतात.

मास्तरीणबाईंच्या भाषेत सांगायचे तर हा सांस्कृतिक बदलच आहे, फक्त त्याला कोणी संस्कृती म्हणत नाही. आणि श्रेय एकट्या आमचेही नाही. शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता यावी म्हणून कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजात होतो. कायदा त्यांनी केला, वापरला आम्ही.

एकाच सालात जन्मलेल्यांची एक पिढी मानणे मला सर्वांत जास्त खटकते. सावरपाड्याची कविता राऊत १९८५ ची. आदिवासी पाड्यावरची ही मुलगी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकते. आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ १९९१ चा. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा सैन्यात गेल्यावर प्रथम वल्हे हातात धरतो, २०१६ साली रिओ ऑलिंपिकला पोहोचतो आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकानयनात सुवर्ण मिळवतो. त्याच्या गावच्या पाणीटंचाईचा विचार केला तर नौकानयन हा शब्दच तिथे चेष्टेचा वाटावा. या दोघांच्या आईवडिलांच्या पिढीला सिडकोचे घरही नव्हते आणि पेन्शनही नव्हती. त्यांच्यासाठी 'आमची पिढी वडिलांपेक्षा मागे पडली' हे वाक्य निरर्थक आहे.

अवांतर : माझ्या वयाच्या बागायतदाराचे उत्पन्न चांगले असले तरी लग्नाच्या बाजारात त्याला पुण्याच्या बारा-चौदा हजार पगाराच्या मुलाइतकीही किंमत नाही. आमच्या गावात तिशी ओलांडलेले, निर्यातक्षम माल पिकवणारे आणि अविवाहित असे तरुण भरपूर आहेत. यशाच्या कोणत्या रकान्यात हे लिहायचे ते परिसंवादात ठरवा.

———

प्रतिसाद : पटावरचा उंट

मी २००४ ची, म्हणजे जेन झी. मोठ्यांच्या चर्चेत बोलते आहे, तर थोडे स्पष्ट लिहिते.

बुद्धिबळात हा प्रश्न अगदी स्वच्छ दिसतो. विश्वनाथन आनंद १९६९ चे, १९८८ साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर आणि पुढे विश्वविजेते. गुकेश २००६ चा, डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी विश्वविजेता. या दोघांच्या मध्ये भारतीय मिलेनियल येतात आणि त्यांच्यात हे पद मिळवणारा एकही नाही. 'तुमचे कुसुमाग्रज कोण' हा प्रश्न इथेही विचारता येईल. आपल्या नाशिकमध्ये वाढलेला विदित गुजराथी १९९४ चा. तो २०१३ साली ग्रँडमास्टर झाला, २०२३ मध्ये ग्रँड स्विस जिंकला आणि २०२४ मध्ये जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेपर्यंत गेला, पण जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंत पोहोचला नाही.

तरी बुडापेस्टला २०२४ साली खुल्या गटाचे ऑलिंपियाड सुवर्ण ज्या संघाने जिंकले, त्यात १९८६ चा हरिकृष्ण आणि १९९४ चा विदित हे २००३, २००५ आणि २००६ च्या मुलांबरोबर बसले होते. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारत रशियाबरोबर संयुक्त विजेता ठरला, तेव्हा कर्णधार विदित होता. आणि टाळेबंदीत तो यूट्यूबवर विनोदवीरांबरोबर खेळत, हसत, डाव समजावत बसायचा. मी बुद्धिबळ गंभीरपणे घेतले ते तिथून, क्लासमधून नव्हे. माझ्याबरोबरच्या अनेकींचे असेच आहे. हा प्रभाव कोणत्याही मानांकनात मोजला जात नाही.

एक तक्रार मात्र ऐकून घ्या. इन्स्टाग्राम २०१० साली काढणारे दोघे १९८३ आणि १९८६ चे. फीड कधी संपू नये अशी रचना तुमच्या पिढीने केली, मागे पडू नये म्हणून आम्हाला त्यात उतरावे लागले, आणि आता आमचे लक्ष टिकत नाही म्हणून व्हॉट्सॲपवर लेख फिरवणारेही तुम्हीच. प्रभावाचा हिशोब मांडताना हेही जमेस धरा. दादा, तुमच्या कट्ट्यावर माझ्या वयाचे कोणी बोलणार आहे का?

———

प्रतिसाद : गोदाकाठचा वाचक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उंटताई, तुमचे नाव वक्त्यांत घालण्याची विनंती मी संयोजकांना आजच करतो, आणि फीडबद्दल जे लिहिले आहे ते तुम्हीच व्यासपीठावर बोलावे, कारण मी बोललो तर ते पश्चात्तापासारखे ऐकू येईल.

मास्तरीणबाईंच्या वयाच्या मुद्द्यामुळे मी प्रास्ताविकाचा आराखडा बदलतो आहे. प्रत्येक वक्त्याला एकच विचारायचे : तुम्ही पस्तिशीत होता तेव्हा तुमच्याकडे काय होते, तुमची संध्याकाळ कोणाच्या मालकीची होती, आणि तेव्हा तुम्ही केलेले आज कुठे पाहायला मिळेल? निफाडकरांनी मांडलेली सरसकट पिढी मानण्याची अडचण त्याने सुटत नाही, म्हणून वक्ते निवडतानाच एक जण शेतीतला आणि एक जण ठेकेदारीवर काम करणारा असावा असे मी सुचवले आहे. निफाडकर, आपण येऊ शकाल का? छाटणीच्या दिवसांत तारीख पडणार नाही याची काळजी घेतो.

काका, एका बाबतीत मात्र मी आपल्याशी असहमत आहे. संध्याकाळ विकली गेली हे मान्य, पण ती दर वेळी अमेरिकेने विकत घेतली असे नाही. माझ्या पिढीतले अनेक जण काम संपल्यावरही फोन हातातून ठेवत नाहीत, आणि तालमीला न जाण्याचे ते कारण कंपनीच्या माथी मारता येत नाही. शिवाय नाशिकची ढोल पथके पाहा. दोन-अडीच महिने रोज रात्री सराव करणारे त्यात कितीतरी आयटीवाले आहेत, म्हणजे जिथे मन रमते तिथे वेळ निघतो. नाटकात मन का रमले नाही, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे कामगार नाट्यस्पर्धेची जुनी पत्रके असतील तर ती मांडून ठेवता येतील का?

———

प्रतिसाद : सातपूरकर

पत्रके आहेत, फोटोही आहेत, शोधून ठेवतो. ढोल पथकाचा मुद्दा मान्य. माझा मुलगाही हिंजवडीहून त्यासाठी दर शनिवारी येतो, हे लिहायचे मी सोयीस्करपणे टाळले असे त्याच्या आईचे म्हणणे आहे. नाटकाला पाठांतर लागते आणि ढोलाला खांदा लागतो, एवढाच फरक असेल तर त्यावर बोलू.

मास्तरीणबाईंना एक विनंती : ही पत्रके एकाच प्रतीत आहेत आणि कागद आता दुमडला की तुटतो. परिसंवाद झाल्यावर तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ती नीट स्कॅन करून एक संच सावानात देणार असेल तरच मी ती घराबाहेर काढीन. नुसती कोणाच्या तरी फोनमध्ये ठेवायची असतील तर नको.